फोटोतला चौथा

आमच्या विहीणबाई फोटो काढताना "हसा" असं कधी म्हणाल्या नाहीत. "हलू नका, आणि हललात तरी मी काढणार," एवढंच म्हणायच्या. मग डावा डोळा मिटायचा, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरायचं आणि तापलेला तवा धरावा तसा फोन अंगापासून लांब धरायचा. फोटो यायचा तिरपा. कोपऱ्यात त्यांचा अंगठा ठरलेला. माझ्या लेकीच्या संसाराचे झाडून सगळे फोटो असे आहेत: माणसं एका बाजूला कलंडलेली आणि खाली गुलाबी ढग.

विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची आई. पुण्याची बाई. यजमान गेल्यावर मुलाकडे इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या फ्लॅटवर राहायला आल्या. मी राजाजीनगरची. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या आहे की आमचं मराठी स्वल्प कानडीकडं झुकलंय. आमची नात चिन्नू झाली, तिचे आईबाप दोघंही ऑफिसात जाणारे, तेव्हा मीही मुलासुनेला घर सोपवलं, बोचकं उचललं आणि लेकीकडं जाऊन बसले. आमच्याकडचे म्हणाले, दोन विहिणी एका घरात? एका म्यानात दोन तलवारी राहतात होय? मी म्हटलं, राहतात की नाही ते बघूनच सांगते.

आधीच सांगून ठेवते, मी भांडणात हरत नाही. आमच्या ह्यांच्याशी कधी हरले नाही, रिक्षावाल्यांशी नाही, अपार्टमेंटच्या सेक्रेटरीशी तर नाहीच नाही. विहीणबाईही काही कमी नव्हत्या. पण मी एका जागी बसून भांडते आणि त्या चालता चालता भांडायच्या. पहिलं वाक्य स्वयंपाकघरात, दुसरं बाल्कनीत, आणि शेवटचं बाथरूमचं दार लावून आतून. बाईच्या पायाला भिंगरी होती. जेवतानासुद्धा एक पाय टेबलाखाली हलत असायचा. त्यांच्याकडं बघून माझाही जीव खालीवर व्हायचा. दुपारी अंग टाकलं तरी डोळा लागायचा नाही. ही बाई आता कुठं गेली, काय करतेय, याकडंच माझा कान.

बाहेर निघायचं म्हणजे तर वरातच. आधी गॅसच्या बटणाचा फोटो. मग गिझरच्या बटणाचा. मग नळांचे. मग कुलूप लावल्यावर कुलपाचा. लिफ्टमध्ये शिरलं की पर्समधून फोन काढून एकेक फोटो तपासायच्या. "हा बंद. हा बंद. हा बघा, बंद."

"अहो, आत्ताच बघितलंत ना डोळ्यांनी?" मी म्हणायची.

"डोळ्यांवर काय भरवसा ठेवायचा, विहीणबाई? खाली गेलं की डोळे विसरतात."

चिन्नूच्या ताटाचे दोन फोटो, जेवणाआधी एक आणि नंतर एक. दुधाच्या पिशवीवरच्या तारखेचा फोटो. भाजीवाल्यानं वजन केलं की काट्याचा फोटो. तो बिचारा घाबरायचा, "अज्जी, पोलीस कंप्लेंट माडतीरा?" म्हणून विचारायचा. पोलिसात देता का आजी, म्हणून. आणि हे सगळं फोटो-भांडार दोन्ही घरांच्या ग्रुपवर रवाना. पुण्याला त्यांच्या चुलत नणंदेला आमच्या घरात आज नळ बंद आहे हे कळून काय उपयोग, सांगा.

एकदा दुपारी मी कवळी काढून सोफ्यावर पडले होते. तोंड उघडं, बोळकं जगाला दिसतंय. त्यांनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "विहीणबाई आराम करत आहेत." राजाजीनगरहून माझ्या सुनेनं हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली ती पिवळी तोंडं पाठवली. अय्यो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला! मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनीही टाकलं. मग घर चालायचं कसं? घर चाललं कुत्र्यामार्फत.

कुत्र्याचं नाव गुंडू. चिन्नूच्या जन्माआधी लेक-जावई आनेकलकडं कुणाची तरी जमीन बघायला गेले होते. जमीन काही घेतली नाही, रस्त्याकडेचं हे पिल्लू घेऊन आले. गोल होतं म्हणून मी गुंडू म्हटलं. आमच्याकडं गोल गरगरीत पोराला गुंडूच म्हणतात. विहीणबाईंनी पुणेरी थाटात त्याचं गुंडोपंत केलं आणि त्याला अहोजाहो करायला लागल्या. अबोल्याच्या दिवसांत त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "गुंडोपंत, सांगा त्यांना, चहा झालाय." मी बाहेरून म्हणायची, "गुंडू, सांग, साखर स्वल्प कमी घाल म्हणावं." तो मधे बसून एकदा तिकडं बघायचा, एकदा इकडं. घरात कुत्रं असलं की अबोला फार टिकत नाही. त्याच्याशी बोलता बोलता माणूस कधी माणसाशी बोलायला लागतं कळत नाही. चौथ्या दिवशी मीच म्हणाले, "साखर फारच कमी झाली हो," आणि मिटलं.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या मोजण्याबद्दल. फोटो काढायच्या आधी विहीणबाई माणसं मोजायच्या. बोट हवेत नाचवत, "एक, दोन, तीन..." आणि तिसऱ्याला अडकायच्या. "गुंडोपंत! या, या लवकर!" माझी लेक, जावई आणि चिन्नू, आमचं घर मुळात तिघांचंच. म्हणून त्यांच्या प्रत्येक फोटोत गुंडू. वाढदिवसाला गुंडू, पाडव्याला गुंडू, चिन्नूच्या शाळेच्या पहिल्या दिवशी दारात गुंडू. त्याला झोपेतून ओढून आणायच्या, आंघोळ झालेली नसली तरी आणायच्या. जावई वैतागायचा, "आई, एक तरी फोटो आमचा आमचा काढ ना!" की ह्या म्हणायच्या, "काढते रे. आधी तो येऊ दे."

तिघांचा फोटो काढू नये असं म्हणतात, मला ठाऊक होतं. कुणाला नाही? तिघांतला मधला जातो म्हणे. माझी आजीही म्हणायची. मी अशा गोष्टींना भीक घालत नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला हाकलते. म्हणून मी त्यांना येता जाता टोचायची. शिकलेली बाई, पुण्यात शाळेत गणित शिकवलेली, आणि तीनाचा आकडा आला की घाबरते.

एका गणपतीत आम्ही सगळे माझ्या घरी, राजाजीनगरला जमलो. माझा मुलगा, सून आणि नातू मखरासमोर उभे राहिले. विहीणबाईंनी फोन काढला, बोट नाचवलं, तीन. गुंडू तर फ्लॅटवर, शेजाऱ्यांकडं. बाईंच्या कपाळाला घाम. तेवढ्यात फूलवाली दुर्वा घेऊन दारात आली. विहीणबाईंनी तिचा हात धरला आणि सरळ आत आणून माझ्या सुनेशेजारी उभी केली. तिला मराठी कळेना, ह्यांना कानडी येईना. ती म्हणे, "यातक्का अम्मा?" कशाला बाई, म्हणून. ह्या म्हणे, "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, "उभ्या राहा!" फोटो निघाला. फूलवाली टोपलीसकट, पदर सावरून, अगदी ऐटीत. तो फोटो अजून मुलाच्या घरात भिंतीवर आहे. येणारे जाणारे विचारतात, ह्या कोण? सून म्हणते, सासूबाईंना विचारा. मी म्हणते, ह्या चौथ्या.

हसायचोच आम्ही सगळे. मीही हसायची.

मग जावयाला कॅनडाला नोकरी लागली. तिघंही जाणार, आणि सध्या तरी परत यायचं नाही. आम्हा दोघींना हे जेवताना सांगितलं. मी हातातला घास खाली ठेवला. विहीणबाई मात्र उठल्या, फ्रीज उघडला, बंद केला, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "आणि गुंडोपंत?"

गुंडूचं वय झालं होतं. डॉक्टर म्हणाले, त्याचं हृदय अशक्त आहे, विमानात सामानाच्या जागी इतका वेळ राहणं त्याला झेपणार नाही. जावयानं आईला समजावलं. लेकीनं समजावलं. बाई ऐकेनात. दुसऱ्या डॉक्टरकडं न्या. तिसऱ्याकडं न्या. बोटीनं पाठवता येतं का बघा. "मला ठेवा इथं, मला काही नको. पण त्याला न्या," म्हणाल्या. इतका आरडाओरडा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. जावईही चिडला. "आई, तुला माझ्यापेक्षा कुत्रं जास्त झालंय का?" म्हणाला. त्या उठल्या. पदर तोंडाला लावून बाल्कनीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत आम्ही दोघी अवरेकाळू सोलत होतो. अवरेकाळू म्हणजे त्यांचे पावटे. इथं थंडीत भिजवून एकेक दाणा चिमटीत दाबतात, साल हातात राहते आणि डाळ टपकन ताटात पडते. मी म्हटलं, "विहीणबाई, खरं सांगा, हे कुत्र्याचं काय काढलंय तुम्ही? पोरं जाताहेत, त्यांना असं रडत पाठवायचं का?"

त्यांनी दोनचार दाणे सोलले. मग म्हणाल्या, "मला दोन मुलगे होते."

मोठा मुलगा गेला एवढं मला ठाऊक होतं. सोयरीक जुळली तेव्हा कानावर आलं होतं. पुढं कुणी विचारलं नव्हतं.

"सिंहगडावर गेलो होतो," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या मित्राचा कॅमेरा आणला होता. मी पहिल्यांदाच फोटो काढत होते. हे, मोठा आणि धाकटा. मोठ्याला म्हटलं, तू मधे उभा राहा, उंच आहेस, छान दिसेल." दाणा टपकन पडला. "पावसाळ्यात तापानं गेला. ताप होता हो, विहीणबाई. तेव्हा गल्लीत घरोघरी ताप होता. पण रोल धुऊन आला तो त्यानंतर. सासूबाईंनी फोटो हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, तिघांचा फोटो काढलास तू. मधला गेला."

मी ताट बाजूला सरकवलं.

"मी तेव्हाही मानलं नाही," त्या म्हणाल्या. "आजही मानत नाही. गणित शिकवलंय मी आयुष्यभर. पण कुत्रं आलं फोटोत तर बिघडतं काय?"

"जावयाला ठाऊक आहे?"

"त्याला भाऊ ठाऊक आहे. सासूबाई काय म्हणाल्या ते नाही. सांगू नका. तो हसेल. आणि तो हसला की मला सहन होणार नाही."

मी गप्प बसले. मी गप्प बसले हे आमच्या घरात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

विमानतळावर जायच्या दिवशी गुंडूला शेजाऱ्यांकडं ठेवलं. दाराबाहेर सामानाच्या ढिगाजवळ तिघं उभे राहिले, मधे चिन्नू, आणि विहीणबाईंनी फोन काढला. त्यांनी मोजायच्या आधीच मी धावत जाऊन लेकीशेजारी उभी राहिले. "हो, हो, कडेला राहा तुम्ही, कडेलाच," त्या म्हणाल्या. त्या फोटोत मी हुंदके देतेय आणि जावई घड्याळ बघतोय. अंगठाही आहे.

पोरं गेली आणि घर खायला उठलं. खरं म्हणजे मी राजाजीनगरला परत जायला मोकळी होते. मुलगा रोज फोन करायचा, आई ये आता. मी म्हणायची, गुंडूला सोडून कशी येऊ? विहीणबाई म्हणायच्या, माझं अडलंय का, जा ना खुशाल. मग मी गेले नाही. दोघी आणि एक म्हातारं कुत्रं. आपली सकाळ ती तिकडची रात्र. त्यामुळं ह्या सदा फोन हातात घेऊन घरभर, इकडच्या खिडकीतून तिकडच्या खिडकीकडं, आणि गुंडू नखं वाजवत त्यांच्या मागं. मीही मग मागं. सोफा असून नसल्यासारखा झाला होता.

आणि एक दिवस तो फोटो आला. पांढराशुभ्र बर्फ, तिघांच्या अंगात जाडजूड कोट, लाल नाकं, हसरी तोंडं. कुणा रस्त्यावरच्या माणसाकडून काढून घेतलेला. मधे चिन्नू. आमच्या घराण्यातला पहिला सरळ फोटो, अंगठा नसलेला.

विहीणबाईंनी तो बघितला आणि फोन उलटा करून ठेवला. संध्याकाळी लेकीचा फोन आला, चिन्नूला ताप आहे. थंडी लागली असेल, काळजी करू नका म्हणाली. काळजी करू नका म्हटलं की काळजी थांबते होय? मी देवापाशी दिवा लावला. विहीणबाईंनी गॅस बंद केल्याचा फोटो काढला, मग पुन्हा गॅस लावला, बंद केला, पुन्हा फोटो. ताटावर बसल्या ते नुसत्या बोटांनी भात चिवडत. मी म्हटलं, "अहो, पोरांना ताप येतात. उतरतात." त्या म्हणाल्या, "हो, मीही तेच म्हणत होते तेव्हा."

दुसऱ्या दिवशीही ताप होता. विहीणबाई आंघोळ करून, इस्त्रीची सुती साडी नेसून बाहेर आल्या. डायनिंग टेबलवर तांदळाचा डबा ठेवला, डब्याला फोन टेकवला. आपोआप फोटो निघायची युक्ती त्यांना चिन्नूनंच शिकवली होती. बटण दाबलं की फोन लुकलुकत राहतो आणि मग स्वतःच फोटो काढतो. "या, सोफ्यावर बसा," मला म्हणाल्या. गुंडू आधीच तिथं पसरलेला. मी बसले. इतक्या वर्षांत मलाही सवय लागली होती, मी मोजलं.

"अहो, तीन होतात."

"कुत्रं धरूनच मोजतात. एवढी वर्षं मी दुसरं काय मोजत होते?"

"मग कुणाला तरी बोलावू. वॉचमनला बोलावू."

"नको. तीनच हवेत." त्यांनी गुंडूला उचलून सोफ्याच्या टोकाला बसवलं. "न्यायचंच असेल कुणाला, तर इथून न्यावं. तिकडं बघायचंही कारण नाही. सरका तुम्ही. मधे मी बसते."

त्यांनी बटण दाबलं, फोन लुकलुकायला लागला, आणि मला कळलं ही बाई काय करतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही का मधे?" मी ओरडले. "चिन्नू माझी कुणी नाही होय? माझ्या लेकीच्या पोटची आहे ती! मी वयानं मोठी आहे. मधे मी!"

"तुम्ही मानत नाही ना? मग तुमचा काय उपयोग?"

"तुम्ही तरी कुठं मानता?"

"विहीणबाई, सरका!"

"नाही सरकणार!"

मी त्यांचा दंड धरून ओढलं. त्यांनी कमरेनं मला असा धक्का दिला की मी सोफ्याच्या हाताशी असलेल्या उशीवर आदळले, पण दंड सोडला नाही. एका जागी बसून ती बाई पहिल्यांदाच भांडली. गुंडू भुंकायला लागला. फोन चमकला. फोटो निघाला, आणि मधे त्या होत्या.

मग आम्ही दोघी सोफ्यावर बसून रडलो. रडता रडता त्यांना हसू आलं, मलाही आलं. त्या म्हणाल्या, "तुमची कवळी सुटलीये." खरंच सुटली होती.

चिन्नूचा ताप उतरला. पोरांचे ताप उतरतात तसाच उतरला, आणि ती शाळेत जायला लागली. विहीणबाईंनाही लगेच काही झालं नाही, हे मुद्दाम सांगते. त्यानंतर दोन थंड्या आम्ही मिळून अवरेकाळू सोलले. मग एका सकाळी चहा घेता घेता त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, वय होतं, रक्तदाब होता. होताच. मी मानत नाही. पण आयुष्यभर मी कुणाशी भांडणात हरले नाही, आणि त्या सोफ्यावर हरले. हे माझ्या मनातून जात नाही. मी स्वल्प आणखी जोर लावायला हवा होता.

दुसऱ्यांचे हजारो फोटो काढून ठेवणाऱ्या बाईचा स्वतःचा धड असा तेवढा एकच फोटो निघाला. पोरं कॅनडाहून आली तेव्हा जावयानं तो मोठा करून घेतला. कापून फक्त आईच ठेवली, पण माझा हात त्यांच्या दंडावर तसाच राहिलाय. भेटायला येणारे म्हणतात, किती प्रेम हो दोघी विहिणींचं. मी काही सांगत नाही. मी तिला ओढत होते, एवढंच मला ठाऊक.

कॅनडाला परत निघायच्या आदल्या दिवशी जावई म्हणाला, "आईच्या फोटोसमोर आमचा तिघांचा एक फोटो काढा ना." तिघं उभे राहिले, मधे चिन्नू, आता माझ्या खांद्याला लागणारी. मी फोन हातात घेतला, बोट हवेत नाचवलं आणि ओरडले, "थांबा!" गुंडू आता उठत नाही, कोपऱ्यात गोधडीवर पडून असतो. मी गोधडीसकट त्याला ओढत आणलं.

"अहो, तुम्हीपण?" जावई म्हणाला. "तुम्ही कधीपासून मानायला लागलात?"

"मी मानत नाही," मी म्हटलं. "पण कुत्रं आलं फोटोत तर बिघडतं काय?"

तो हसला. अगदी मोठ्यानं हसला. त्याच्या आईला ते सहन झालं नसतं. मी सहन केलं, चौघं मोजले आणि फोटो काढला.